जुनी टोपोशीट हातात आहे, आता गावाचा इतिहास कुठून काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की आजोबांच्या पेटीत नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडकडची एक जुनी एक इंची टोपोशीट (सर्वेक्षण विभागाचा सविस्तर नकाशा, एका इंचाला एक मैल) भेटली, खालचा समास फाटलेला आहे त्यामुळे साल दिसत नाही, पण आपलं गाव त्यात आहे आणि त्यावरून गावाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कशी करायची. आणि हाही की गुगल मॅप फोनमध्ये असताना या कागदाचा उपयोग काय. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. गुगल आजचं गाव दाखवतो. तुमच्या शीटवर धरणं, डांबरी रोड, बोअरवेल, कोळशाच्या खाणी येण्याआधीचं गाव आहे. दोन्ही एकमेकांवर ठेवले की जे जुळत नाही ते तुमचं काम, जे जुळतं त्याच्यात फारसं काही नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्याकडे शीट घेऊन येणारे बहुतेक पोट्टे याच वाटेनं जातात. शीट उघडली की सगळे आधी किल्ला, मंदिर, मजार, छत्री असली चिन्हं शोधतात. भेटलं तर खूश, नाही भेटलं तर म्हणतात आमच्या गावाला इतिहासच नाही. असं करू नका. विदर्भातल्या खेड्याचा इतिहास नव्वद टक्के पाणी, वाट आणि शीव या तिघांत आहे. तलाव कोणी बांधला, बाजाराला कुठून जात होते, शेजारच्या गावाशी शिवधुरा (दोन गावांमधली हद्द) कुठे होता आणि का भांडले, हे कळलं की देऊळ कोणत्या पिढीत कोणी बांधलं ते आपोआप निघतं. उलटं होत नाही.

आता शीटचा नंबर. वरच्या कोपऱ्यात ५५ पी/५ असं काहीतरी असेल, कारण उमरेड त्यात येतं. ही सिस्टिम एकदा समजून घ्या, जन्मभर कामी येते. भारताचे ४ अंश बाय ४ अंशाचे मोठे चौकोन, त्यातला आपला ५५ नंबरचा, २० ते २४ उत्तर आणि ७६ ते ८० पूर्व. त्याचे १ अंशाचे १६ तुकडे, ए पासून पी पर्यंत, आणि अक्षरं आडवी नाही तर वरून खाली जातात, इथं सगळे फसतात. मग प्रत्येक तुकड्याचे पुन्हा १६, तेही वरून खाली. नागपूर शहर ५५ ओ/४ मध्ये, रामटेक ५५ ओ/७, काटोल ५५ के/११, हिंगणा ५५ के/१६. प्रत्येक शीट १५ मिनिटं बाय १५ मिनिटं, म्हणजे आपल्याकडे साधारण २८ किलोमीटर उभी आणि २६ किलोमीटर आडवी. गाव नेमकं शीटच्या काठावर असलं तर शेजारची शीटही लागते, आणि गाव काठावर निघणं हे इतकं कॉमन आहे की मी आता हसतो फक्त. एक मात्र लक्षात ठेवा, २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वेक्षण विभागाच्या ज्या सगळ्यांसाठी खुल्या, म्हणजे ओपन सिरीज शीट आल्या त्यांचे नंबर वेगळे आहेत, आपल्या भागाचे एफ ४४ ने सुरू होतात, म्हणून पोर्टलवर ५५ पी/५ टाकून काही दिसलं नाही तर घाबरू नका.

साल फाटलंय तर काय करायचं. शीटच्या पोटातूनच साल काढता येतं, निदान दहा-वीस वर्षांच्या पट्ट्यात तरी. सगळ्यात आधी उंची पहा. आकडे फुटात असतील आणि कंटूर (सारख्या उंचीच्या रेघा) ५० फुटांचे असतील तर ती मेट्रिकच्या आधीची, म्हणजे १ इंच = १ मैल वाली. नंतरच्या ५० हजारी (१:५०,०००) शीटवर उंची मीटरमध्ये आणि कंटूर बहुतेक २० मीटरचे राहतात. रंगीत आहे का? एक इंची रंगीत शीट १९०५ च्या सर्व्हे कमिटीनंतरच्या. मग रेल्वे. नागपूर-नागभीड छोटी लाइन, जी उमरेड-भिवापूरवरून जात होती, ती १९०८ च्या सुमाराची. शीटवर ती असेल तर सर्व्हे बहुधा त्यानंतरचा. प्रांताचं नाव वर किंवा सीमेवर कुठेतरी लिहिलेलं असतंच: नुसतं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस असेल तर एक काळ, अँड बेरार जोडलेलं असेल तर १९०३ नंतरचा, मध्य प्रदेश असेल तर १९५० ते ५६, बॉम्बे असेल तर ५६ ते ६०. आपला भाग चार वर्षं मुंबई राज्यात होता हे आजकालच्या पोरांना सांगावं लागते. आणि शीटवर यार्डात मोजलेल्या चौकोनांची ग्रिड जांभळ्या किंवा काळ्या रेघांत छापलेली असेल तर ती बहुधा लष्करासाठी काढलेल्या छपाईतली. पण छपाईचं साल आणि सर्व्हेचं साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विसरू नका, जुन्याच सर्व्हेवर नवी सीमा आणि नवे रोड टाकून शीट परत छापत होते. तुमच्या गावाचं घर-वावर कोणत्या वर्षीचं आहे ते सर्व्हेच्या सालावरून ठरतं, म्हणून प्रांताच्या नावावर एकट्यावर जाऊ नका, रेल्वे, पूल, जंगलाची हद्द असे चार-पाच पुरावे जमवा.

आता पाणी. इथं जरा थांबून वाचा कारण उमरेडच्या पूर्वेकडे धानाचा पट्टा आहे आणि तिथं पाण्याशिवाय गाव समजतच नाही.

शीटवर गावाच्या वरच्या अंगाला एक जाड रेघ दिसेल, काहीशी धनुष्यासारखी वाकलेली, तिला एका बाजूनं बारीक दाते. ती तलावाची पाळ. तिच्या बाजूला एक आकडा आणि त्यापुढे इंग्रजी आर असतो, म्हणजे ती पाळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किती उंच आहे ते, एक इंचीवर फुटात. बाकी उंची समुद्रसपाटीपासूनची असते आणि ही तेवढी जमिनीपासूनची, नवखा माणूस हे हमखास चुकतो. आता पाळीच्या आत निळा रंग भरलाय का ते पहा. भरला असेल तर तलावात बारमाही पाणी होतं. नुसती काळी रेघ असेल तर उन्हाळ्यात कोरडा पडत होता. नद्या-नाल्यांचंही तसंच, निळं म्हणजे वाहतं, काळं म्हणजे कोरडं. सर्व्हेवाल्यांचा सीझन पावसाळा संपल्यावर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालायचा, त्यामुळे पावसाळ्यातलं गाव या नकाशात नाहीच. चिखलात अडकलेल्या बंड्या, चार महिने तुटलेला रस्ता, हे त्यात येत नाही.

मग तीच पाळ ५० हजारी शीटवर शोधा, आणि मग सॅटेलाइटवर. तीन गोष्टी होऊ शकतात. पाळ आहे, पाणी आहे: ठीक. पाळ आहे, पण पोटात वावर झालं: हे खूप ठिकाणी दिसेल. पाळच नाही: मग विचारा माती कुठे गेली, बहुतेक रोडच्या भरावात किंवा घरांच्या जोत्यात गेलेली राहते. दुसऱ्या प्रकारात खरा इतिहास आहे. आपल्याकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारा मालगुजार हाच गावाचा मालक, तलाव मालगुजारानं बांधलेला किंवा त्याच्या ताब्यात, गावकऱ्यांनी दरवर्षी पाळ भरायची, तुडूम (तलावाचं पाणी सोडायचं तोंड) साफ करायचं, आणि कोणाच्या वावराला किती पाणी हे वाजिब-उल-अर्जमध्ये (गावाच्या रिवाजांची सरकारी नोंद) लिहिलेलं. मध्य प्रदेशानं १९५० च्या कायद्यानं मालगुजारी काढली (तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो), तलाव सरकारकडे गेले, पुढे बरेचसे जिल्हा परिषदेकडे, म्हणून त्यांना माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव म्हणतात. पाळ भरायला कोणाला बोलवायचं हा प्रश्न तिथून सुरू झाला. मी असं म्हणत नाही की मालगुजारी चांगली होती, वेठबिगारीच्या गोष्टी प्रत्येक गावात ऐकायला भेटतात आणि पाळ भरायला कोणत्या वस्तीतले लोक फुकट जात होते हे विचाराल तर चेहरे बदलतात. पण तलावाच्या पोटात वावर का आलं हे तुम्हाला गावाच्या इतिहासात लिहावंच लागेल, आणि त्याची सुरुवात त्या दात्यांच्या रेघेपासून होते.

विहिरी छोट्या गोलानं दाखवल्या राहतात. गावातल्या विहिरी सोडून द्या, त्या असणारच. गावापासून लांब, माळावर, कुठलंही वावर जवळ नाही आणि तरी एक विहीर आणि बाजूला झाडांची चिन्हं, असं काही दिसलं तर त्यावर गोल करा. तो बहुतेक जुना पडाव. बंजाऱ्यांचे तांडे, यात्रेकरू, बैलबंडीवाले तिथं रात्री थांबायचे, आणि आमराई मालगुजारानं नाहीतर कोण्या सावकारानं पुण्य म्हणून लावलेली. त्या विहिरीतून दोन्ही बाजूला तुटक रेघा निघतात का ते पहा.

या तुटक रेघा म्हणजे वाटा. गाडीवाट आणि पायवाट यांची चिन्हं वेगळी राहतात, शीटच्या खाली यादी असते, तुमची फाटली असेल तर कोणत्याही शीटची घ्या, एकाच काळातल्या शीटची चिन्हं बहुतेक सारखीच. माझा अनुभव असा की आजचे डांबरी रोड आणि जुन्या पांधणी (वावरांमधून जाणाऱ्या गाडीवाटा) यांचं फार कमी जुळतं. रोड तहसीलकडे जातो, पांधण बाजाराकडे जायची. आणि बाजार म्हणजे नुसतं मीठ-मिरची नाही, सोयरीक बाजारात जुळते, बैल बाजारात बदलतात, म्हणून पांधण कोणत्या गावाला जाते ते पाहिलं की जुन्या नात्यांचा नकाशा समजतो.

वैनगंगेच्या काठावरचं, गोसेखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेलेलं एक गाव, नाव घेत नाही. धरणाची पायाभरणी १९८८ ची, पण लोक उठले टप्प्याटप्प्यानं, आता नवीन गावठाणात राहतात, सरळ सिमेंट रोड, एकसारखे प्लॉट. तिथं एका आजीला ओट्यावर जुन्या शीटचा मोठा केलेला प्रिंट दाखवला. आधी म्हणे, "मले नाई समजत बाप्पा नकाशा-बिकाशा." मी सांगितलं की आजी, ही नदी, हे देऊळ, हे तुमचं जुनं गाव. ती काही बोलली नाही, कागद हातात घेतला आणि उलटा फिरवला, इतका की नदी तिच्या पुढ्यात आली, जशी जुन्या घराच्या दारातून दिसायची तशी. उत्तर दिशा खाली गेली, अक्षरं उलटी झाली, तिला काय फरक पडते. मग बोट ठेवलं. नकाशात तिथं एक तुटक रेघ काठापर्यंत येऊन संपत होती आणि पलीकडच्या काठावरून परत सुरू होत होती, बस. ती म्हणे, "इथून घाट उतरे. पोळ्याच्या टायमाले डोंग्यानं जा लागे, दिवाई झाली का मंग बंडी पाण्यातून जाये. ढीवराले सालाचं धान देत होतो ना आम्ही, दर खेपेले पैसे नाई." आणि मग पंधरा मिनिटं ती पलीकडच्या गावांतल्या सुनांची नावं सांगत होती. त्या गावच्या जवळजवळ सगळ्या सोयरिकी नदीपलीकडच्या होत्या, कारण दिवाळीनंतर नदी हाच रस्ता होता. आता मध्ये अथांग पाणी आहे, पलीकडे जायला लांबून फिरून जावं लागते आणि पोरी उमरेड-नागपूरकडे द्यायला लागले. हे सगळं त्या न जुळलेल्या तुटक रेघेत होतं, पण रेघेनं सांगितलं नाही, आजीनं सांगितलं. शीट नसती तर मी घाटाबद्दल विचारलंच नसतं.

त्यातून एक टेक्निक शिका: कागद म्हाताऱ्यांच्या हातात द्या आणि त्यांना फिरवू द्या. आपण उत्तर वर, उत्तर वर करत बसतो.

रीठी गावं. सातबारावर, खसऱ्यात (वावरांच्या नंबरवार नोंदीत) काही मौज्यांच्या नावापुढे रीठी लिहिलेलं दिसते, म्हणजे मौजा आहे पण वस्ती नाही. तुमच्या शीटवर कदाचित तिथं घरं दिसतील, किंवा ओसाड जागेचं चिन्ह असेल, किंवा नुसतं नाव आणि एक विहीर. गावात विचारलं तर उत्तर ठरलेलं राहते, "महामारी आली अन् गाव उठलं." दर वेळी महामारी, कधी कधी वाघ. खोटं म्हणत नाही, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, मग प्लेग, मग १९१८ चा इन्फ्लुएन्झा, मध्य प्रांतात या सगळ्यांनी माणसं गेली हे खरंच आहे. पण तपासा. जनगणनेच्या गावनिहाय याद्यांत ते गाव कोणत्या दशकात शून्य झालं ते पहा, १९५१ पासूनची डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुकं आहेत, त्याआधीचंही काही ठिकाणी भेटते. शून्य होण्याआधी लोकसंख्या हळूहळू कमी होत गेली असेल तर ती महामारी नाही, ते लोक पाण्याजवळ किंवा रोडजवळ सरकले. एकदम पडली असेल तर मग गावकऱ्यांचं बरोबर असू शकतं. आणि शीटवर रिझर्व्ह फॉरेस्टची हद्द त्या गावाला चिकटून जात असेल तर तिसरी शक्यता, चराई आणि लाकूडफाटा बंद झाला की छोटं गाव टिकत नाही. तीन शक्यता, तीनही लिहा.

आता कॉम्प्युटरवरचं काम, हे लवकर उरकतो कारण यूट्यूबवर भरपूर आहे. शीट नीट सपाट स्कॅन करा, निदान ३०० डीपीआय, मोबाइलचा फोटो चालत नाही कारण कडा वाकतात. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातल्या जिओरेफरन्सरमध्ये (स्कॅन खऱ्या जागेवर बसवायचं साधन) चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश टाका. तुमचा खालचा समास गेला असेल तरी नंबरवरून कोपरे काढता येतात, ५५ पी/५ म्हणजे ७९ अंश १५ मिनिटं ते ७९ अंश ३० मिनिटं पूर्व आणि २० अंश ४५ मिनिटं ते २१ अंश उत्तर. मग गुगलच्या इमेजवर ठेवा आणि पारदर्शकता कमी-जास्त करा. आणि आता एक चीज दिसेल: सगळं गाव शंभर-दोनशे मीटर सरकलेलं. ही तुमची चूक नाही आणि सर्व्हेवाल्याचीही नाही. जुन्या शीट सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टच्या १८३० च्या पृथ्वीच्या गोलाकारावर काढलेल्या, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या गोलाकारावर चालतो, त्यामुळे आपल्या भागात इतका फरक येतोच. सॉफ्टवेअरमध्ये जुना डेटम (मोजमापाचा आधार) बरोबर निवडा किंवा मग सरळ नदीचा संगम, रेल्वेचा पूल, जुनं देऊळ अशा न हललेल्या तीन-चार खुणांवर शीट बसवा. नदीचा काठ खूण म्हणून घेऊ नका, काठ हलतो. एक इंची शीटवर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर तीसेक मीटर, तेव्हा विहीर नेमकी कोणाच्या धुऱ्यात येते हे शीटवरून ठरवायला जाऊ नका.

एव्हरेस्टवरून आठवलं. ज्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्व्हेवर हे सगळे नकाशे उभे आहेत तो १८०२ मध्ये मद्रासकडे सुरू करणारा विल्यम लॅम्बटन आपल्याच बाजूला, हिंगणघाटला १८२३ मध्ये वारला, नागपूरला येत होता, तिथं त्याची कबर आहे. आणि नागपूरच्या झिरो माइलला सेल्फी काढणाऱ्यांनी त्या दगडावरचा उंचीचा आकडा पाहावा, समुद्रसपाटीपासून १०२० फूट. तुमच्या जुन्या शीटवरच्या फुटांच्या आकड्यांना त्याच कामाचा आधार आहे. कधी टेकडीवर शीटमध्ये त्रिकोण आणि उंची दिसली तर चढून पहा, दगडी खूण अजून असू शकते.

शीटमध्ये काय नाही तेही तितकंच महत्त्वाचं. सर्व्हे सरकारनं केला, फौज, महसूल, जंगल, रेल्वे यांच्या कामासाठी. म्हणून पोलीस ठाणं, पोस्ट, डाकबंगला, रेस्ट हाऊस सगळं अक्षरांनी दाखवलंय, पण गावातली कोणती आळी कोणाची हे नाही. लाल ठिपक्यांचा एक पुंजका म्हणजे गाव. पण नीट पाहिलं तर बऱ्याच शीटवर मुख्य पुंजक्यापासून थोडं दूर, नाल्याच्या पलीकडे किंवा खालच्या अंगाला दोन-चार ठिपके वेगळे दिसतात, त्यांना नाव नसतं. तो टोला (गावापासून वेगळी छोटी वस्ती), किंवा गावाबाहेर ठेवलेली वस्ती. तिची विहीर वेगळी आहे का? बहुतेक असते. १९५६ मध्ये दीक्षाभूमीला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि नागपूरच्या आजूबाजूच्या खेड्यांतून लोक पायी, बंडीनं आले, तेव्हा ते कोणत्या वाटेनं निघाले हे त्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि शीटवर पेन्सिलीनं ओढा. गावाच्या नेहमीच्या इतिहासात हे पान सहसा नसते. गोंड टोल्यांचंही तसंच, त्यांचे देव डोंगरावर, झाडाखाली असतात, सर्व्हेवाल्याला तिथं इमारत दिसली नाही म्हणून त्यानं देवळाचं चिन्ह टाकलं नाही. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की देवळाच्या चिन्हावरून गावाचं मोजमाप करू नका.

गावांची नावं इंग्रजीत जशी ऐकली तशी लिहिलेली आहेत, त्यामुळे ओळखू येत नाहीत. मोठ्यानं वाचा, बहुतेक वेळा कळते. नावाच्या व्युत्पत्तीमागे मात्र लागू नका, त्यावर दहा पानं लिहून होतात आणि हाती काही येत नाही.

एक इंची शीट आणि गुगल यांच्यामध्ये खूप मोठी पोकळी आहे, ती भरायला दोन-तीन सोर्स सांगतो. अमेरिकन आर्मीनं १९५० च्या दशकात भारताची अडीच लाखी शीट काढली होती, त्यातली नागपूरची एन एफ ४४-९, उमरेडसाठी तिच्या खालची एन एफ ४४-१३, टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साइटवर फुकट आहेत. गाव त्यात टिंबाएवढं दिसतं पण रोड आणि तलाव समजतात. दुसरं, कोरोना सॅटेलाइटचे फोटो (आजाराशी संबंध नाही, नाव तेच आहे). १९६० ते ७२ मध्ये अमेरिकेनं हेरगिरीसाठी काढलेले, १९९५ मध्ये खुले केले, यूएसजीएस या अमेरिकन सरकारी संस्थेच्या साइटवर शोधता येतात, आणि चांगल्या फोटोत पांधण, तलावाची पाळ, आमराई सगळं ओळखू येतं. उमरेडजवळची खाण, छोटी लाइन, सगळं त्या फोटोंत पाहण्यासारखं आहे. छोटी लाइन २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली तेव्हा लोकांना तिची आठवण आली, पण तिच्यामुळे कोणतं गाव मोठं झालं आणि कोणता पडाव मेला हे कोणी लिहून ठेवलं नाही. तुमचं गाव स्टेशनपासून जवळ असेल तर तुम्ही लिहा.

तिसरं आणि सगळ्यात कामाचं, गाव नकाशा. भूमी अभिलेख कार्यालयातून मौजाचा जुना नकाशा मागा, मध्य प्रांतातले हे नकाशे बऱ्याच ठिकाणी १६ इंचाला १ मैल या मापाचे, म्हणजे तुमच्या शीटच्या सोळापट मोठे, त्यात एकेक खसरा (वावराचा नंबर) दिसतो. सोबत निस्तार पत्रक (गावाच्या सामायिक वापराच्या जागांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज. चराई कुठे, मुरूम कुठून काढायचा, मेलेलं जनावर कुठे टाकायचं, स्मशान कोणाचं कुठलं, तलावाचं पाणी कोणाला, हे सगळं निस्तारात लिहिलेलं असते. टोपोशीटवर तुम्हाला गावाबाहेर झुडपं दाखवलेली जागा दिसली आणि निस्तारात तीच जागा झुडपी जंगल म्हणून निघाली की समजा तुम्ही बरोबर चाललात. झुडपी जंगलावरून सुप्रीम कोर्टात २०२५ मध्ये निकाल आला, त्यामुळे आता प्रत्येक गावात या जमिनींबद्दल बोलणं सुरू आहे, लोक आपणहून सांगतील. पटवाऱ्याशी गोड बोला, तो बिचारा चार गावं सांभाळतो, आणि कागद मागताना इतिहासासाठी पाहिजे हे पहिल्या वाक्यात सांगा.

कारण लोकांना वाटते तुम्ही जमिनीच्या भानगडीसाठी आला. आणि ही भीती अगदीच चुकीची नाही. शीट घेऊन गावात बसलात की दुसऱ्या दिवशी कोणीतरी येऊन म्हणतो, "भाऊ, या नकाशात पांधण दिसते ना, मग त्यानं वावरात का घेतली, मले लिहून द्या." लिहून देऊ नका. टोपोशीट हा हक्काचा पुरावा नाही, शीवसुद्धा त्यात अंदाजे असते. पांधणीचा वाद गाव नकाशा आणि मोजणीवर सुटतो, त्याला तहसील कार्यालयाकडे पाठवा आणि आपण त्यात पडू नका, नाहीतर त्या आळीचे लोक तुमच्याशी परत बोलणार नाहीत आणि अर्धा इतिहास तिथंच राहील.

गावात जायचं कधी ते विचारलं नाहीत पण सांगतो. रोवणीच्या (धान लावायच्या) दिवसांत जाऊ नका, तेव्हा कोणी बोलत नाही. मार्च-एप्रिलमध्ये तलाव उतरलेला असतो, जुन्या तुडुमाचे दगड आणि पाळीची खरी उंची तेव्हाच दिसते, शीटवरच्या आकड्याशी ताडून पहा. मे मध्ये सकाळी तेंदूपत्त्याला लोक जंगलात जातात, त्या दिवसांत संध्याकाळी भेटा. आणि बाहेरगावी राहणारे म्हातारे भेटायचे असतील तर पोळ्याला किंवा तान्ह्या पोळ्याला जा, त्या दोन दिवसांत सगळे गावात राहतात. शीटचे दोन मोठे प्रिंट न्या, एक पेन्सिलीनं खराब करायला आणि एक ठेवून द्यायला, आणि मूळ कागद घरीच ठेवा.